द्रौपदाबाईंचे ‘कोनता?’

“सर, वाचणाऱ्याला काय माहीत आहे, हे लिहिणाऱ्याने कसं ओळखायचं?”

२०२२ च्या फेब्रुवारीत धुळ्यात तांत्रिक इंग्रजी लेखनाचे दोन दिवसांचे शिबिर झाले. दुसऱ्या दिवशी उपपदांचा विषय माझ्याकडे होता. नामाच्या आधी ‘अ’ केव्हा, ‘द’ केव्हा आणि काहीच नाही ते केव्हा, असा तो विषय. मी फळ्यावर नियम लिहिला: वस्तू नेमकी कोणती हे वाचकाला आधीच कळत असेल तर ‘द’, कळत नसेल, किंवा अमुक एकच हवी असा आग्रह नसेल, तर ‘अ’. नियम बरोबर होता, कोणत्याही व्याकरणात तो सापडतो. त्यावर शेवटून दुसऱ्या बाकावरच्या मुलीने हा प्रश्न विचारला. उत्तरादाखल मी संदर्भ, पूर्वोल्लेख, सामायिक ज्ञान असे काही शब्द उच्चारले. ती सगळी त्या प्रश्नाचीच दुसरी नावे होती. मुलीने ती वहीत उतरवून घेतली आणि चहाच्या वेळी जवळ येऊन, दिलासा दिल्यासारखे म्हणाली, “माझी आई ओळखते. तिला इंग्रजी येत नाही.”

मुलीचे नाव शिल्पा भिकन बिऱ्हाडे. तिच्या आईचे द्रौपदाबाई. पुढचा मजकूर द्रौपदाबाईंविषयी आहे. तो त्या दोघींनी वेगवेगळ्या वेळी सांगितलेल्या आणि थोडा मी त्यांच्या ओट्यावर बसून पाहिलेल्या गोष्टींवरून लिहिला आहे.

द्रौपदाबाई देवपुरात राहतात. पांझरा नदीचा पूल ओलांडून वर आल्यावर, शाळा-महाविद्यालयांच्या मागच्या अंगाला, दोन खोल्या आणि पुढे ओटा. पती भिकन बाजार समितीत हमाल होते. ते २०१५ मध्ये वारले. द्रौपदाबाई त्याआधीपासून एका शाळेत मुलांची खिचडी शिजवत. हुद्दा मदतनीस. दर जूनमध्ये नव्या यादीत नाव चढायचे. चढले तर वर्ष पार पडले, नाही तर घरी. सतरा वर्षे नाव चढत राहिले, पण एकाही जूनमध्ये आधीपासून खात्री नव्हती. त्यामुळे ‘कायम’ हा शब्द त्या घरात फार जपून उच्चारला जाई. शिल्पा पदविका घेऊन अवधानच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात २०१९ च्या ऑगस्टमध्ये लागली तेव्हा गल्लीतल्या बायकांनी विचारले, “कायम शे का?” द्रौपदाबाईंनी सांगितले, “नही. पन व्हई.”

कारखाना शेतीसाठी पाण्याच्या गाळणटाक्या आणि फवारणी यंत्रे करतो. मालक भंवरलालजी, परदेशी व्यवहार त्यांचा धाकटा मुलगा अखिल पाहतो. यंत्राबरोबर जाणारी इंग्रजी माहितीपुस्तिका लिहिणे हे शिल्पाचे काम. तिच्या आधीचा लेखक तारेची भाषा वापरी: टाकी भरा, झाकण काढा, सगळी नामे उघडीवाघडी, उपपदाशिवाय. शिल्पाने त्याच्या उलट केले. पाठ केलेल्या नियमांच्या बळावर तिने दिसेल त्या नामाला ‘द’ लावला. तिची पहिली पुस्तिका ग्राहकाकडून परत आली तेव्हा तीत त्रेसष्ट ठिकाणी तांबडी खूण होती. समासात प्रत्येक वेळी एकच शेरा होता: कोणता?

तो शेरा शिल्पाने आईला सांगितला नव्हता, हे इथे नोंदवले पाहिजे. संध्याकाळी ती ओट्यावर बसून मसुदा पुन्हा वाचत होती. इंग्रजी वाक्य डोळ्यांनी वाचायचे आणि अर्थ नीट लागतो का हे पाहण्यासाठी अहिराणीत स्वतःशीच पुटपुटायचे, अशी तिची शाळेपासूनची सवय. शेजारी द्रौपदाबाई मेथी निवडत होत्या.

“पाइप जोड. बादली लई ये,” शिल्पा पुटपुटली.

“कोनती बादली?” द्रौपदाबाईंनी मेथीतून मान वर न करता विचारले.

“कोनती बी.”

“मंग ठीक.”

“झाकन काढ.”

“कोनतं? वरलं का बाजूनं?”

शिल्पाने पुस्तिका पाहिली. त्या यंत्राला दोन झाकणे होती, आणि तिने नुसते ‘द कव्हर’ लिहिले होते. बादलीलाही ‘द’ लावला होता, जणू यंत्राबरोबर एखादी बादली खोक्यातून येणार होती. तिने बादलीपुढचा ‘द’ खोडून ‘अ’ केला आणि झाकणाच्या आधी ‘वरचे’ हा शब्द घातला. मग तिने पहिल्या पानापासून सुरुवात केली. जुडी संपली तेव्हा द्रौपदाबाईंनी दुसरी सोडली, कारण पोरीचे वाचणे संपले नव्हते.

त्यातून एक पद्धत तयार झाली. अहिराणीत काय किंवा मराठीत काय, नाम बहुधा मोकळेच फिरते. ‘झाकण काढ’ म्हटले की ते ठाऊक असलेले झाकण की कुठलेही, हे ऐकणाऱ्यावर सोडलेले असते. द्रौपदाबाई ऐकत आणि अडले की विचारत. उत्तर ‘कोनती बी’ असे आले तर शिल्पा ‘अ’ लिही. उत्तर नेमके असले तर ते उत्तरच वाक्यात घाली: वरचे, डावीकडचे, पंपाजवळचे. आणि द्रौपदाबाईंनी काहीच न विचारता पुढचे वाक्य मागितले, तर तिथे ‘द’ बिनघोर बसे. पाण्याला, वाळूला, तेलाला त्या सहसा काही विचारत नसत. मात्र एकदा “पानी सोडी दे” म्हटल्यावर “कोनतं पानी? टाकीमधलं का नळनं?” असे त्यांनी विचारले आणि तिथल्या पाण्याला शिल्पाला ‘द’ द्यावा लागला.

वाक्य हाताने करून पाहायची सवय द्रौपदाबाईंना स्वयंपाकघरातून होती. नव्या मदतनीस बाईला शिकवताना त्या नुसते सांगत नसत; तिच्या हातात झारा देत आणि पाहत. गाळणटाकीची पुस्तिका आली तेव्हा त्यांनी ओट्यावर दोन हंडे मांडले. एक स्टीलचा, एक पोचे आलेला पितळी. प्रत्येक हंड्यावर दोन वाट्या पालथ्या: एक पाणी आत घेणारा व्हॉल्व्ह, दुसरी घाण बाहेर सोडणारा. शिल्पा वाक्य म्हणे, द्रौपदाबाई वाटी उचलत किंवा ठेवत. समोरच्या घरातल्या कमलबाई, निवृत्त एसटी वाहकाच्या पत्नी, आपल्या दारातून हे पाहत.

“द्रौपदे, काय भातुकली मांडी शे वं या वयमा?”

“मनी पोरनं काम शे.”

“पोरनं काम अन् तू करस?”

“तू तुना गहू निवड.”

दोन वर्षांत नऊ पुस्तिका या ओट्यावरून गेल्या. तांबड्या खुणा त्रेसष्टांवरून दोन-तीनांवर आल्या. अखिलने एकदा विचारले, “मॅडम, कोणतं सॉफ्टवेअर वापरता?” शिल्पाने “घरी तपासून घेते” एवढेच सांगितले. मला तिने शिबिरात दिलेले उत्तर याच अनुभवातून आले होते, आणि मला ते तेव्हा पुरेसे वाटले होते. ते पुरेसे नाही, हे महिन्याभरात उघड झाले.

मार्च २०२२ मध्ये कारखान्याला पूर्व आफ्रिकेतल्या एका मोठ्या खरेदीदाराची मागणी आली. दोन टाक्यांच्या गाळणसंचांची. हा व्यवहार नीट झाला की शिल्पाला कायम करण्याचा कागद सहीसाठी वडिलांपुढे ठेवतो, असे अखिलने सांगितले होते, आणि शिल्पाने ते घरी सांगितले होते. खरेदीदाराची अट साधी होती. त्यांच्या वतीने नाशिकहून एक माणूस येईल, त्याने हे यंत्र आधी पाहिलेले नसेल, आणि तो केवळ पुस्तिका वाचून ते चालवून दाखवील. कारखान्यातल्या कोणी तोंड उघडायचे नाही.

माणूस आला. नीलेश नावाचा, सौम्य स्वभावाचा, नुकताच नोकरीला लागलेला अभियंता. आवारात संच उभा केला होता. हौदात मुद्दाम माती कालवून पाणी गढूळ केले होते. वाळूने भरलेल्या दोन्ही टाक्या गाळू लागल्या, पलीकडून स्वच्छ पाणी येऊ लागले. इथवर सगळे ठीक झाले. मग टाकी धुण्याचे प्रकरण आले. एक टाकी धुताना दुसरीतून गाळलेले पाणी तिच्यात उलटे शिरते आणि अडकलेली घाण बाहेर काढते. म्हणून ज्या टाकीचा आत घेणारा व्हॉल्व्ह बंद करायचा, तिचाच घाण सोडणारा व्हॉल्व्ह उघडायचा असतो. पुस्तिकेत लिहिले होते: ‘द इनलेट व्हॉल्व्ह’ बंद करा. ‘द फ्लश व्हॉल्व्ह’ उघडा. पाणी स्वच्छ येईपर्यंत थांबा.

नीलेशने एका टाकीचा इनलेट व्हॉल्व्ह बंद केला. मग समोर जो फ्लश व्हॉल्व्ह हाताशी होता तो उघडला. तो दुसऱ्या टाकीचा होता. हौदातले गढूळ पाणी त्या टाकीत वरून शिरून, वाळूला न शिवता, सरळ गटारात जाऊ लागले. पुस्तिकेच्या आज्ञेप्रमाणे तो ते स्वच्छ होण्याची वाट पाहत उभा राहिला. पाच मिनिटे झाली. दहा झाली. जुने फिटर अभिमन नाना एकदा पुढे सरकले. अखिलने त्यांच्या दंडाला हात लावला.

“भाऊ, नुसतं खोकू का?” नानांनी हळूच विचारले.

“नाही, नाना.”

“हौद रिकामा होईल पण ते पाणी काही निवळणार नाही.”

“मला दिसतंय.”

विसाव्या मिनिटाला हौदाचा तळ दिसला आणि अखिलने स्वतः पंप बंद केला. कोणी कोणाला दोष दिला नाही. नीलेशने पुस्तिकेतल्या त्या दोन ओळींवर पेन्सिलीने गोल केले आणि ती शिल्पाच्या हातात दिली. “मला वाटलं, मलाच कळत नाहीये,” तो म्हणाला. अखिलने नंतर केबिनमध्ये सांगितले, “मॅडम, पंधरा दिवस मिळालेत. ते दुसरा माणूस पाठवणार. तुमचा कागद मी तोवर थांबवलाय. फाडला नाही, थांबवलाय.”

शिल्पाने घरी येऊन हे सगळे सांगितले. द्रौपदाबाईंनी ऐकून घेतले, चहा केला आणि मग त्या दोन ओळी पुन्हा म्हणायला सांगितल्या. हंडे भिंतीशी होतेच. शिल्पा म्हणाली, “इनलेट व्हॉल्व्ह बंद कर.” द्रौपदाबाईंचा हात विचार न करता पितळी हंड्यावरच्या वाटीकडे गेला. “फ्लश व्हॉल्व्ह उघड.” हात त्याच हंड्यावरच्या दुसऱ्या वाटीकडे गेला. दोनदा हे झाल्यावर त्यांनी हात मांडीवर घेतले.

“मी इचारंच नही,” त्या म्हणाल्या.

“माय, तुले माहीतच शे ना आते.”

“तेच सांगस.”

पोचे आलेला हंडा आधी धुवायचा, ही त्यांची घरातली रीत. गेल्या सहा महिन्यांत जेव्हा जेव्हा टाकी धुण्याचे वाक्य आले, तेव्हा ते त्या हंड्यालाच लागू झाले. त्यांच्यापुरता व्हॉल्व्ह एकच होता. म्हणून शिल्पाचा ‘द’ त्यांच्या ओट्यावर अगदी बरोबर होता. नाशिकहून आलेल्या माणसाला त्या हंड्याची ओळख कोणी करून दिली नव्हती.

शिल्पाला वाटले, ही एक ओळ दुरुस्त केली की झाले. द्रौपदाबाईंना तसे वाटले नाही. त्यांनी पुस्तिका पहिल्यापासून म्हणायला लावली. बेचाळीस वाक्ये झाली आणि त्यांनी एकदाही काही विचारले नाही. मग त्या म्हणाल्या, “माले बठ्ठं म्हाईत व्हई गयं. मी आते या कामनी नही.”

“असं कसं? तुन्याशिवाय मी कोनले वाची दाखाडू?”

“जिले काहीच म्हाईत नही तिले.”

“माय, बाकीच्या हसतीन.”

“हसू दे. तू कायम व्हय.”

मला ही संध्याकाळ द्रौपदाबाईंनी सांगितली तेव्हा त्यांच्या आवाजात खेद असेल असे मी गृहीत धरले होते. थोडा होताही. दोन वर्षे रोज संध्याकाळी पोरगी शेजारी बसत होती, आपले ऐकत होती, आपल्या एका शब्दाने इंग्रजी पानावरचे काहीतरी बदलत होते. हे सोडायचे होते. परंतु सतरा वर्षांत त्यांनी अनेक मदतनीस बायका तयार केल्या होत्या आणि तयार झालेल्या बाईला नवशिकीची अडचण दिसत नाही हे त्यांनी चुलीपाशी पाहिले होते. “मीठ टाकी दे म्हनू, तर ती इचारे कितलं,” त्या म्हणाल्या. “दोन वरीस झाले की इचारना बंद. मंग नवी बाई वनी की तीच तिले सांगे, मीठ टाकी दे. अन् खिचडी खारट.”

दुसऱ्या दिवशी त्या समोरच्या दारात गेल्या.

“कमल, तुले गाळननी टाकी म्हाईत शे का?”

“नही वं माय. काय शे ते?”

“बेस शे. संध्याकाळले ये.”

“मी? भातुकलीले?”

“चहा देसू.”

“साखर जास्त टाकसी तर येसू.”

कमलबाई आल्या, पाय पसरून बसल्या. एक अडचण पहिल्याच वाक्याला दिसली. शिल्पा म्हणाली, “टाकीनं झाकन उघड,” आणि कमलबाईंनी “कोनत्या टाकीनं?” असे विचारायच्या आत द्रौपदाबाईंचे बोट पितळी हंड्याकडे गेले होते. शिल्पाने आईला हात मागे घ्यायला सांगितले. पुढच्या वाक्याला त्यांच्या तोंडून “तो नही वं, तो दुसरा” असे निघून गेले. तेव्हा द्रौपदाबाई उठल्या, माठातून पेलाभर पाणी घेतले, तोंडात घोट धरला आणि गाल फुगवून परत येऊन बसल्या. घोट गिळायचा नाही, म्हणजे बोलता येणार नाही. असे त्या तासभर बसल्या. मध्ये पाणी कोमट झाले की बदलून आणत.

कमलबाईंचे विचारणे द्रौपदाबाईंसारखे नेमके नव्हते. “पंप चालू कर” म्हटल्यावर “कोनाना पंप?” असे त्यांनी विचारले. “वाळू भर” म्हटल्यावर “तापीनी का पांझरानी?” शिल्पाने आधी हे वगळले, मग तिला जाणवले की वाळू कोणत्या जाडीची हे पुस्तिकेत कुठेच नव्हते, आणि तिने ते लिहिले. “इनलेट व्हॉल्व्ह बंद कर” हे वाक्य आले. कमलबाईंनी दोन हंड्यांकडे पाहिले, मग शिल्पाकडे.

“दोन्हीवर वाटी शे. कोनती?”

द्रौपदाबाईंच्या तोंडातले पाणी उसळून हंड्यावर उडाले.

“आते काय हसनी वं, द्रौपदे?”

“हसू नही. बरोबर इचारं तू.”

“मंग पानी काबं उडावं?”

त्या वाक्याची शिल्पाने तीन वाक्ये केली. पहिल्यात दोन टाक्यांना क्रमांक दिले. दुसऱ्यात त्यांपैकी कोणतीही एक निवडायला सांगितले, म्हणजे तिथे ‘अ’ आला. तिसऱ्यात निवडलेल्या त्याच टाकीचे दोन्ही व्हॉल्व्ह सांगितले, आणि आता टाकी वाचकाने स्वतःच निवडलेली असल्यामुळे तिला ‘द’ लागला. ओळखीचे नसलेले नाम आधी ‘अ’ने आणायचे आणि मग ‘द’ने चालवायचे, हा नियम मी अनेक वर्षे शिकवत आलो आहे. तो एखाद्या वाचकाच्या हातात टाकी देऊन पाळता येतो, हे मला या दुरुस्त पानावर प्रथम दिसले. माझ्या फळ्यावरच्या नियमात ‘वाचकाला ठाऊक असेल तर’ एवढेच होते. त्याची परीक्षा घ्यायला ठाऊक नसलेले माणूस लागते आणि ते माणूस कामाने हळूहळू खर्ची पडते, ही गोष्ट त्यात नव्हती. शिल्पाच्या प्रश्नाला मी आता एवढेच म्हणू शकतो की ओळखता येत नाही; विचारावे लागते, आणि दर वेळी नव्याने.

सहा संध्याकाळींत पुस्तिका पुरी झाली. कमलबाईंनी एकंदर एकशे अठरा वेळा विचारले. हा आकडा शिल्पाच्या वहीत आहे. शेवटच्या दोन संध्याकाळी त्यांचेही विचारणे कमी झाले, तेव्हा द्रौपदाबाईंनीच त्यांना थांबवले आणि उरलेली पाने ऐकायला मागच्या गल्लीतल्या सविताला आणले. कमलबाई दोन दिवस बोलल्या नाहीत. “माले काढी टाकं,” असे त्यांनी गल्लीत सांगितले. तिसऱ्या दिवशी द्रौपदाबाई त्यांच्याकडे जाऊन म्हणाल्या, “तू पास व्हयनी वं. मी बी पास व्हयेल शे. आपले आते बसाडतस नही.” त्यावर कमलबाईंनी गव्हाचे सूप त्यांच्याकडे सरकवले आणि दोघी निवडायला बसल्या.

खरेदीदाराने पाठवलेला दुसरा माणूस एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात आला. त्या दिवशी द्रौपदाबाई शाळेत खिचडी शिजवत होत्या. आवारात अभिमन नाना या वेळी पाठ फिरवून उभे राहिले. आलेल्या माणसाने टाकी क्रमांक दोन निवडली, पानावर बोट ठेवून एकेक वाक्य केले. चौथ्या मिनिटाला गटारात जाणारे पाणी निवळले आणि त्याने व्हॉल्व्ह बंद केला. अखिलने शिल्पाला विचारले, “आता तरी सांगा, तपासतं कोण?” शिल्पाने तीन नावे सांगितली. अखिलने ती पुस्तिकेच्या शेवटच्या पानावर छापायची का असे विचारले. तिने घरी विचारून सांगते म्हटले. घरून नकार आला: नावे छापली तर गल्लीत सगळ्यांना यंत्र काय ते कळेल आणि ऐकायला कोणी उरणार नाही.

द्रौपदाबाई त्यानंतर पुस्तिका ऐकायला बसल्या नाहीत. दर नव्या पुस्तिकेला नवी बाई शोधून आणणे, तिला आधी काही न सांगणे आणि तिच्यासमोर स्वतः काही न बोलणे, एवढे काम त्यांनी ठेवले.

शिल्पा बिऱ्हाडे १ जुलै २०२२ रोजी कायम झाली. ३१ मार्च २०२५ पर्यंत त्या ओट्यावर अकरा बायकांनी पुस्तिका ऐकल्या. अकरावी कमलबाईंची धाकटी बहीण कौतिक, ती त्यासाठी जळगाव जिल्ह्यातल्या बोदवडहून आली होती.